अंडी अडकली, शस्त्रक्रिया झाली; आता केशर खात का नाही?

पत्राचा सारांश (ओळख आणि सापाचं नाव बदललं आहे): माझ्याकडे चार वर्षांची कॉर्न स्नेक मादी आहे, केशर. पिल्लू होती तेव्हापासून एकटीच आहे, नर कधी जवळ आलेला नाही. या हंगामात तिचं पोट मागच्या बाजूला फुगलं आणि खाणं बंद झालं. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. मग एका रात्रीत तिनं नऊ पिवळट अंडी पाण्याच्या भांड्यात आणि आजूबाजूला घातली आणि थांबली. पोटात दोन फुगवटे दिसत राहिले. साप पाळणाऱ्या एका अनुभवी ओळखीच्यांनी बोटांनी दाबत ती खाली सरकवायला सांगितलं, पण माझी हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. एक अंडं सुईनं रिकामं करून निघालं, दुसऱ्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. घरी येऊन बारा दिवस झाले. एक दिवसाआड उंदराचं पिल्लू समोर धरते, ती तोंड फिरवते. दिवसभर लपून बसते. घरचे म्हणतात, जबरदस्तीनं भरव, नाहीतर मरेल. मी रोज तिला हातात घेऊन टाके बघते, पोट चाचपून बघते. अंडी घालायला जागाच करून दिली नव्हती, म्हणजे हे सगळं माझ्यामुळेच झालं. ते ओळखीचे गृहस्थ तिला घ्यायला तयार आहेत. देऊन टाकू का?

ताई, नमस्कार.

तुम्ही पहिला प्रश्न खाण्याचा विचारलात. साहजिकच आहे, आजारी जीव खाऊ लागला की आपल्या जिवात जीव येतो. पण केशरच्या बाबतीत मी खाण्याला चौथा नंबर देईन. आधी ऊब, मग पाणी, मग निवांतपणा. हे तीन जमले की खाणं बहुतेक वेळा आपणहून मागे येतं, आणि ते नसताना पोटात ढकललेलं अन्न उलटून तरी येतं किंवा आत तसंच कुजतं.

ऊब आधी का, ते सांगते. सापाच्या शरीराची उष्णता बाहेरून येते. जखम भरणं, जंतूंशी लढणं, औषध अंगी लागणं, अन्न पचणं, सगळं त्या उष्णतेवर चालतं. कॉर्न स्नेकच्या पेटीत उबदार टोकाला 29 ते 31 अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला 22 ते 25 अंश हवेत, म्हणजे तिला हवं तेव्हा ती जागा बदलू शकते. रात्रीही पारा फार खाली जाऊ देऊ नका. पेटीच्या भिंतीला चिकटवलेल्या काट्यावर विश्वास ठेवू नका. ती जिथे पोट टेकून बसते त्या जागी, लपायच्या खोक्याच्या आत, जमिनीला लागून तापमान मोजा. हीट मॅट, म्हणजे पेटीखालची विजेवर तापणारी चटई असेल, तर तापमान ठरलेल्या मर्यादेत राखणारा थर्मोस्टॅट लावलेलाच हवा. अशक्त साप जास्त तापलेल्या जागेवरून वेळेत हलत नाही आणि पोटाची कातडी भाजून घेतो.

आता पाणी. इतकी अंडी तयार करताना आणि घालताना मादीच्या शरीरातलं पाणी, चरबी, स्नायू सगळंच खर्ची पडतं. वजनाचा तिसरा हिस्सा निघून जाणं हे कॉर्न स्नेकमध्ये नवल नाही. त्यावर केशरची तर शस्त्रक्रियाही झाली आहे. अंगात पाणी कमी आहे का, हे बघायला तिला दाबावं लागत नाही. कातडीला लांब सुरकुत्या पडून त्या तशाच राहतात का, डोळे किंचित आत गेल्यासारखे दिसतात का, लघवीचा पांढरा भाग मऊ येतो की पिवळा, खडूसारखा कडक, एवढं बघा. शंका आली तर डॉक्टर कातडीखाली किंवा पोटाच्या पोकळीत द्रव देऊ शकतात. दहा मिनिटांचं काम असतं, पण फरक मोठा पडतो.

एक सावधगिरी. सापाला कोमट पाण्यात बसवा, असा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. एरवी तो चांगला आहे. टाके ताजे असताना मात्र डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत नको. जखम पाण्यात राहिली की भिजते आणि जंतूंना वाट मिळते. म्हणून सध्या पाण्याचं भांडं असं ठेवा, की तिला पिता येईल पण त्यात वेटोळं घालून बसता येणार नाही. रोज धुऊन ताजं पाणी भरा. तळाला भुसा, नारळाचा काथ्या, लाकडाचा चुरा असं काही असेल तर काढून टाका आणि साधा पांढरा पेपर टॉवेल अंथरा. कण जखमेला चिकटत नाहीत, आणि पांढऱ्या कागदावर रक्ताचा एक थेंब किंवा पिवळट ओल लगेच दिसते. रोज हातात न घेता जखमेवर नजर ठेवायचा हा सर्वांत चांगला मार्ग आहे.

यावरून मी तिसऱ्या गोष्टीकडे येते, आणि इथे मला तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. तुम्ही तिला रोज उचलता, टाके बघता, पोट चाचपता, एक दिवसाआड पिल्लू समोर धरता. हे सगळं मायेपोटी आहे, यात शंका नाही. पण त्यात अपराधीपणाही आहे, आणि तो तुमच्या हातांना स्वस्थ बसू देत नाहीये. सापाच्या बाजूनं बघा: पोटात दुखतंय, अंगात त्राण नाही, आणि रोज कुणीतरी लपायच्या जागेतून बाहेर ओढून नेमकी दुखरी बाजू चाचपतंय. ती दिवसभर लपून बसते हे तुम्हाला खिन्नपणाचं लक्षण वाटतं. मला ते बरं होणाऱ्या सापाचं शहाणपण वाटतं. लपायला सुरक्षित जागा मिळाली, की मगच तिची भूक जागी होईल. औषध देण्यापुरतं आणि वजनापुरतं हाताळा, बाकी पेटी बंद. पोट चाचपणं तर आजपासून पूर्ण थांबवा. आत नुकतीच शस्त्रक्रिया झालेली आहे.

टाक्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बरेच जण नेमके इथेच घाबरतात. सापाचं पोट डॉक्टर सहसा बरोबर मध्ये उघडत नाहीत. पोटाचे रुंद पट्ट्यासारखे खवले जिथे संपतात, त्याच्या किंचित वर, कुशीकडच्या लहान खवल्यांच्या पहिल्या दोन ओळींच्या मधून चिरा देतात, म्हणजे सरपटताना जखम जमिनीवर घासत नाही. शिवताना कातडीच्या कडा मुद्दाम बाहेरच्या बाजूला उचलून घेतात, कारण सापाच्या कातडीची कड आत वळायला बघते आणि वळली तर जखम नीट भरत नाही. त्यामुळे केशरच्या कुशीवर एक बारीक, उंच, ओबडधोबड कंगोरा दिसत असेल. तो सुजेमुळे आलेला नाही, तसाच ठेवलेला आहे. कंगोरा कोरडा असेल, रंग आजूबाजूसारखा असेल तर सगळं ठीक चाललं आहे. लाली पसरत गेली, ओल किंवा वास आला, कड उघडली, आत मऊ गाठ आली, तर फोन करा. आणि हे टाके माणसासारखे आठ-दहा दिवसांत निघत नाहीत. सापाची कातडी सावकाश भरते. सहसा सहा ते आठ आठवडे टाके ठेवतात, पुष्कळदा मध्ये एकदा कात पडेपर्यंत. शस्त्रक्रियेनंतर कात नेहमीपेक्षा लवकरही येऊ शकते. टाक्यांपाशी ती अडकली तर ओढू नका, डॉक्टरांना काढू द्या.

औषधांचंही तसंच. सापांना दिली जाणारी काही प्रतिजैविकं तीन दिवसांतून एकदाच टोचतात आणि टोचताना शरीराचा पुढचा अर्धा भाग निवडतात, कारण मागच्या भागातलं रक्त मूत्रपिंडांकडून जाऊ शकतं आणि औषध तिथेच गळून जाण्याची भीती असते. तुम्हाला घरी इंजेक्शन द्यायला सांगितलं असेल तर जागा बदलत द्या, आणि ती बरी दिसते म्हणून मध्येच थांबवू नका. वेदनाशामक चालू आहे का, हेही विचारून घ्या. दुखणारा साप ओरडत नाही. तो फक्त खात नाही.

आता खाणं. पोट उघडल्यानंतर पहिला घास कधी द्यायचा हे शिवणारे डॉक्टरच सांगतील, पण साधारणपणे आठवडा ते दहा दिवस थांबतात. म्हणजे बारा दिवसांत तिनं खाल्लं नाही, यातला बराचसा काळ तसाही खाण्याचा नव्हता. शिवाय अंडी घालण्याआधीही तिनं अन्न सोडलं होतं, त्यामुळे तुम्हाला हा उपास फार लांबल्यासारखा वाटतोय. आता असं करा. आठ दिवस काहीच समोर धरू नका. मग संध्याकाळी, उजेड मंद झाल्यावर, नेहमीपेक्षा निम्म्या आकाराचं, गोठवलेलं पिल्लू पूर्ण वितळवून, कोमट करून तिच्या लपायच्या जागेच्या तोंडाशी ठेवा आणि खोलीतून निघून जा. सकाळी तसंच असेल तर उचलून टाका आणि पुन्हा आठवडाभर थांबा. जिवंत उंदीर अजिबात नको. अशक्त सापाला तो चावतो. खाल्लं, तर पुढचे दोन-तीन घासही लहानच ठेवा. भरून काढायच्या नादात मोठा उंदीर दिला की ताज्या टाक्यांवर ताण येतो, आणि उलटी झाली तर पुन्हा किमान दहा दिवस पोट रिकामं ठेवावं लागतं.

घरच्यांना जबरदस्तीनं भरवावंसं वाटतं, त्यामागची भीती मला कळते. पण जबडा उघडून पिल्लू आत सारताना साप सगळ्या अंगानं पिळवटतो, आणि तो पीळ थेट जखमेवर येतो. अंगात पाणी कमी असेल तर आत गेलेलं पचतही नाही. त्यापेक्षा एक डिजिटल वजनकाटा घ्या, ग्रॅममध्ये दाखवणारा. कापडी पिशवीत ठेवून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी वजन करा आणि तारखेसह वहीत लिहा. शस्त्रक्रियेनंतर घरी आणलं तेव्हाचं वजन डॉक्टरांकडे असेलच. त्यापेक्षा दहा टक्क्यांच्या पुढे घसरण गेली, किंवा वजन दर आठवड्याला पडतच राहिलं, तर डॉक्टरांशी नळीनं पातळ अन्न देण्याबद्दल बोला. ते काम त्यांचं. वजन जागेवर टिकलं असेल, ती जीभ नेहमीसारखी लपलपवत असेल, रात्री पेटीत फेरी मारत असेल, तर तुमच्याकडे वाट बघायला वेळ आहे.

थांबू नये अशाही काही वेळा असतात. शेपटीच्या मुळाशी, पोटाच्या बाजूला जे द्वार असतं, तिथून लालसर मांसल भाग बाहेर आला, तर त्यावर ओलं स्वच्छ कापड ठेवून तडक निघा. तो सुकला तर वाचवता येत नाही. दुर्गंधी येणारा स्राव, तोंड उघडं ठेवून श्वास, पुन्हा कळा दिल्यासारखं अंग आवळणं, पुन्हा फुगलेलं पोट, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका. आणि एक प्रश्न तुम्ही डॉक्टरांना विचारला नसेल तर आवर्जून विचारा: शस्त्रक्रियेनंतर एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून आत काही उरलेलं नाही याची खात्री झाली का? तुम्हाला बाहेरून दोनच फुगवटे दिसत होते, पण सगळी अंडी बाहेरून दिसतातच असं नाही. सोबत हेही विचारा, की अंडनलिका नुसती उघडून शिवली की एका बाजूची काढली, आणि काढली असेल तर त्याच बाजूचं अंडाशयही काढलं का. नलिका गेली आणि अंडाशय राहिलं, तर पुढच्या हंगामात बीजं थेट पोटाच्या पोकळीत पडू शकतात. उत्तर लिहून घ्या. पुढे कुठल्याही डॉक्टरांना ते लागेल.

नर नसताना अंडी कशी, हा प्रश्न तुमच्या पत्रात ओळींमागे आहेच. कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी घालते, तशी सापाची मादीही घालते. पिवळट, मेणासारखी, कडक ती फळलेली नसतात. फळलेलं अंडं पांढरं, भरीव आणि चामड्यासारखं लागतं. तेव्हा त्या नऊ अंड्यांना उबवत ठेवलं नाही म्हणून हळहळू नका. इतर वाचकांनी मात्र लक्षात ठेवावं, की पूर्वी कधी नरासोबत राहिलेली मादी त्याचं बीज शरीरात बरेच महिने साठवून ठेवू शकते.

आता तुमचा अपराध. अंडी घालायला योग्य जागा नसणं हे अंडी अडकण्याचं एक खरं कारण आहे. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. जागा मिळत नाही म्हणून मादी अंडी रोखून धरते आणि तोवर ती आत मोठी, वेडीवाकडी, चिकट होऊन बसतात. पण कारणं आणखीही असतात: अंगावरची जादा चरबी, स्नायूंत जोर नसणं, पाण्याची कमतरता, चुकीचं तापमान, अंडनलिकेतला संसर्ग, मुळातच विचित्र आकाराचं अंडं. केशरच्या बाबतीत नेमकं कोणतं, हे इथे बसून मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही स्वतःला दोषी ठरवून ते कळणार नाही. मला तुमच्या पत्रात दिसलं ते वेगळंच. अनुभवी माणूस दाबा म्हणत असताना तुम्ही दाबलं नाहीत. तसं दाबल्यानं नलिका फाटते, अंडं आत फुटतं, नलिकाच बाहेर येते. तुम्ही त्याला हिंमत नसणं म्हणता. केशर जिवंत आहे ती बऱ्याच अंशी त्यामुळे. आणि तिसऱ्या दिवशी नेलंत म्हणून तर एक अंडं सुईनं निघालं. उशीर झाला की आतला बलक घट्ट होतो आणि सुईतून काहीच येत नाही.

ज्यांच्या घरी सध्या अशी मादी आहे, त्यांच्यासाठी: अंडी घालण्याआधी कॉर्न स्नेक एकदा कात टाकते, आणि त्यानंतर सुमारे आठ ते बारा दिवसांत अंडी येतात. ती कात पडली की एक झाकणाचा डबा, बाजूला ती आत शिरेल एवढं भोक, आत ओलसर पण पाणी न निथळणारं शेवाळ, असं घर करून पेटीच्या मध्यम उबेच्या जागी ठेवा. अंडी घालणं सुरू होऊन थांबलं आणि दोन दिवसांत पुढे सरकलं नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर गाठा. निघण्याआधी फोनवर विचारा, की सापाला भूल देण्याची आणि एक्स-रेची सोय आहे का. नेताना साप कापडी पिशवीत, ती बंद डब्यात, डबा उबदार. गरम पाण्याची बाटली अंगाला चिकटवून ठेवू नका. सापांना कळा आणणारी इंजेक्शनं प्रत्येक वेळी लागू पडत नाहीत, आणि वाट अडलेली असताना दिली तर नलिका फाटू शकते. तेव्हा ती कुणाकडून मिळवून घरी टोचायचा विचारही नको.

पुढच्या हंगामाचं काय? अंडाशयं काढून टाकण्याचा मार्ग आहे, पण सापात दोन्ही अंडाशयं लांबुळकी आणि पुढे-मागे असतात, त्यामुळे चिरा लांब किंवा दोन द्यावे लागतात. केशरला पुन्हा अंडी अडकली तर मी त्याचा गंभीरपणे विचार करेन. आत्ता, इतक्या अशक्तपणात, नाही. तोवर हिवाळ्यात मुद्दाम थंड ठेवून नंतर भरपूर खायला घालणं टाळा, कारण मादीचं शरीर त्यालाच अंड्यांचा हंगाम समजतं. वजन पूर्ववत आलं की तिथेच राखा. ना पाठीचा कणा टोचावा, ना शेपटीच्या मुळाशी चरबीच्या वळ्या याव्यात. अंडी तरीही येतील. ती येऊ लागली की या वेळी तुमच्याकडे डबा आणि शेवाळ तयार असेल, आणि एक्स-रे कधी काढायचा हे डॉक्टरांशी आधीच ठरलेलं असेल.

राहिला देऊन टाकण्याचा प्रश्न. टाके निघेपर्यंत आणि ती सलग काही वेळा नीट खाऊन पचवेपर्यंत तरी हा विषय बाजूला ठेवा. नवी पेटी, नवे वास, प्रवास, यांनी धडधाकट सापही आठवडेच्या आठवडे अन्न सोडतो. त्यांच्याकडे इतर साप असतील तर संसर्गाचा धोका, आणि नर असेल तर आणखी वेगळी चिंता. शिवाय ज्यांनी अडकलेलं अंडं दाबून काढायला सांगितलं, त्यांचा अनुभव कितीही वर्षांचा असला तरी या दुखण्यासाठी मी केशरला त्यांच्या हाती देणार नाही. नंतर तुम्हाला खरंच वाटलं, की वेळ, खर्च, मन यांपैकी काही पुरत नाही, तर चांगलं घर शोधून देण्यात कमीपणा नाही. पण मी नालायक आहे, हे कारण असेल तर ते मला पटत नाही. त्यांना सध्या एवढंच कळवा, की टाके निघेपर्यंत केशर कुठेही जाणार नाही. आणि डॉक्टरांची पुढची तारीख घेतली नसेल तर उद्या सकाळी घ्या; जाताना वजनाची वही बरोबर न्या.